लवाद मीच शोधला

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही किसनला ओळखत नाही.

किसन माझा धाकटा भाऊ. मी वाळूजला कंपनीत सुपरवायझर. तो खुलताबादजवळच्या आमच्या रानात मेंढरं राखायचा. वडील गेल्यावर वाटणी निघाली आणि विहिरीवर येऊन अडली. तो म्हणायचा, विहीर दोघांत राहू दे. मला ती एकट्याला हवी होती — विहिरीसकट माझ्या वाट्याचं रान विकायचं माझ्या मनात होतं. हे तरी त्याला सरळ बोललो का? नाही.

कोर्टाला तो भ्यायचा. म्हणाला, "दादा, तारखा करत बसलो तर मेंढरं कोन बघंल? तूच बघ एखादा वकील. भाईर बसून मिटवू." आमच्यात जुनी रीत आहे — पंच समोरच्याने निवडायचा. ज्याच्यावर निवड सोपवली त्याला दगा द्यायची लाज वाटते, असा वडिलांचा विश्वास होता. किसनने तीच रीत पाळली.

मी लवाद शोधला. शोधला म्हणजे काय — विहिरीवर हक्क कसा सांगायचा, हे ज्या वकिलांकडून आधीच गुपचूप शिकून आलो होतो, त्यांनाच विचारलं. त्यांनी बजावलं, मी तुम्हाला सल्ला दिलाय हे भावाला सांगा. त्याला चालणार असेल तरच मी लवाद म्हणून बसेन. मी फोनवर कळवलं — सांगितलंय, त्याची हरकत नाही.

साफ खोटं. पण तेव्हाही थांबता आलं असतं. बैठकीत वकिलांनी किसनला विचारलं, "भावाने सगळं सांगितलंय ना? हरकत नाही ना?" तो माझ्याकडे बघून हसला. "दादानं बघितलंय म्हंजे झालं की. माजी कायबी हरकत नाय." आणि त्याने सही केली. मी काय करत होतो? चहा पीत होतो. चांगला झाला होता, तेही आठवतंय.

विहीर मला मिळाली, मी माझं रान विकलं, घेणाऱ्याने तारेचं कुंपण घातलं. पुढच्या उन्हाळ्यात पाण्यावाचून किसनने मेंढरं काढून टाकली. आता तो चिकलठाण्याला गोदामात हमाली करतो. निकाल मान्य केला तो केला, त्याबद्दल पुन्हा चकार शब्द नाही. एकदा तरी शिवी घालावी ना माणसाने! त्याच्या या चांगुलपणाचा मला राग येतो — माझा यायला हवा, तर त्याचा येतो.

गेल्या महिन्यात तो धाकट्या साडूला घेऊन घरी आला. साडूचं त्याच्या भावाशी बांधावरून बिनसलंय. "दादा, आपल्या वकिलाचा नंबर दे ह्याला," किसन म्हणाला. "लई सरळ मानूस. आन् ह्याच्या भांडनात बी तूच त्येंला लवाद म्हनून ठरवून दे. तुला कळतं त्यातलं."

मी नंबर दिला. निघताना साडू माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत.