पाहुणे गाडीत, घरचे पायी

मिरजेहून निघताना शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुठं चाललात?" मी म्हटलं, "आसनगावचं स्टेशन बघायला." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तातडीनं माहुलीच्या किल्ल्याचंही नाव घेतलं. खरं म्हणजे किल्ला चढायला माझे गुडघे राजी नाहीत. मला भाचीनं बोलावलं होतं. रुचा तिथल्या स्टेशनच्या कामावर इंजिनीअर आहे, आणि गेले सहा महिने फोनवर ती त्या स्टेशनखेरीज दुसरं काही बोलत नव्हती. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवूनही मी शहापूर आणि मुरबाड हे तालुके नकाशावर बोट ठेवून दाखवण्यापलीकडे पाहिले नव्हते, याची थोडी लाजही होती.

आसनगावला उतरले आणि पहिल्यांदा स्टेशन दिसलंच नाही. समोर माहुलीचा डोंगर उभा होता. थंडीच्या दिवसांतलं स्वच्छ आभाळ, आणि त्यात ते सुळके एकाला एक लागून. मी बॅग खाली ठेवून बघतच राहिले. मागून येणाऱ्या एका गृहस्थांनी "मावशी, बाजूला व्हा" असं म्हटल्यावर भानावर आले.

रुचा पिवळं शिरस्त्राण घालून आली आणि मला हाताला धरून सगळं दाखवत सुटली. नवा पादचारी पूल, रुंद छप्पर, पाण्याचे नळ. पुलाला जिन्याबरोबर एक लांबलचक उतारही केला होता. डोक्यावर भाजीच्या पाट्या घेऊन येणाऱ्या बायकांना जिना चढताना पायाखालचं दिसत नाही, हे तिनं इथं उभं राहून पाहिलं होतं. पुलाची तुळई दोन्ही रूळ बंद ठेवून एका रात्रीत कशी बसवली, ते ती हातवारे करून सांगत होती. लहानपणी हिला पाढे पाठ होत नव्हते म्हणून मी रागावले होते, ते मला आठवलं.

पण तिचा जीव अडकला होता स्टेशनाबाहेरच्या मोकळ्या फरशीत. ती जागा एसटी थांबायला म्हणून राखली होती. मुरबाड तालुक्याला रेल्वे नाही, आणि शहापूरच्या डोंगराकडच्या पाड्यांना (छोट्या वस्त्यांना) स्टेशन असून नसल्यासारखं, कारण तिथवर यायलाच काही नाही. महिनाभर प्रयोग म्हणून टोकावड्याहून शेणव्यावरून आसनगावपर्यंत एक बस सुरू झाली होती. सकाळी लोकलच्या वेळेला यायची, संध्याकाळी परत जायची. दुसऱ्या दिवशी एसटीचे एक अधिकारी बसमध्ये बसून माणसं मोजणार होते. माणसं दिसली तर बस राहणार, नाहीतर बंद, आणि ही जागा दुचाक्या लावायला जाणार.

"तू मनीषाकडे राहायला जा," रुचा म्हणाली. "म्हणजे बस किती गरजेची आहे ते तुला कळेल. आणि उद्या साहेब येणार आहेत हे पाड्यावर सांग."

मनीषा शेणव्याच्या पुढच्या उंबरपाड्याची सून, रोज इथं लोकल पकडताना रुचाशी ओळख झालेली. कल्याणच्या एका दवाखान्यात आयाचं काम करते. पूर्वी तिथंच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची आणि रविवारी घरी यायची. तिची मुलगी परी तीन वर्षांची आहे. बस सुरू झाल्यापासून ती रोज संध्याकाळी घरी येऊ लागली होती. बस गेली तर एक तर नोकरी सोडायची, नाहीतर पुन्हा लेकीला सोडून राहायचं. हे सगळं तिनं मला बसमध्ये शेजारी उभं राहून अगदी शांतपणे सांगितलं. उभं राहून, कारण बस भरलेली होती. मला मात्र बसायला मिळालं. मी चढताच एक म्हातारा "बाई, बसा" म्हणून उठला होता, आणि मी संकोच दाखवण्यापुरता दाखवून लगेच बसले होते.

शहापूरचा बाजार मागे पडला, आणि मग रस्ता शेतांत शिरला. भात कापून झालेलं, खाचरांत वाल उगवून आलेला, आणि प्रत्येक खळ्यावर उडवी (पेंढ्यांची रचलेली रास) इतकी नेटकी की मला माझ्या कपाटाची लाज वाटली. पूर्वेला सह्याद्रीची रांग आडवी पसरलेली होती. वर्गात मी ती फळ्यावर एका नागमोडी रेघेनं काढायचे. मुलांना मी काय शिकवलं कोण जाणे.

उंबरपाड्यावर उतरल्यावर मनीषाच्या घराच्या वळचणीला माझं कपाळ आपटलं. तिच्या सासूबाई हसू दाबत हळद घेऊन धावल्या. जेवायला तांदळाची भाकरी, वालाच्या शेंगांची भाजी आणि सुकटीची चटणी. मी चार घास जास्तच जेवले. परी आईच्या मांडीवरून हलायला तयार नव्हती. आईचा पदर मुठीत धरूनच तिनं भाकरी खाल्ली.

मग अंगणात सगळा पाडा जमला. पाहुणी आली की जमायची तिथली रीत. मनीषाचे सासरे, धर्माकाका, हे पाड्याचे वडीलधारे. सडसडीत, मोजकं बोलणारे. शाळेतली बाई समोर माणसं दिसली की बोलल्याशिवाय राहते का? मी उभी राहिले आणि सांगितलं की उद्या सकाळच्या गाडीत मोठे साहेब बसलेले असतील, ते खास आपल्यासाठी येत आहेत, आपला पाडा कसा आहे हे त्यांना दिसलं पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या. धर्माकाका म्हणाले, "काय चिंता करू नका, बाई. आमी समजलो." मग ते बाजूला जाऊन बराच वेळ फोनवर आसपासच्या पाड्यांशी बोलत होते. मला माझ्या भाषणाचं फार कौतुक वाटलं.

सकाळी उठले तर घर रिकामं. सासूबाई चूल फुंकत होत्या. मनीषा कुठं, विचारलं तर म्हणाल्या, "ती गेली सगल्यांसंगं पुढं. तुमी चहा घ्या सावकाश." पुढं म्हणजे थांब्यावर, असं मी धरून चालले. कोरा चहा पिऊन थांब्यावर आले तर तिथं एक कुत्रं होतं.

बस आली. पुढच्या बाकावर मफलर गुंडाळलेले, बारीक अंगाचे साहेब, मांडीवर छापील तक्ता. टोकावड्याकडून आलेली पाच-सहा माणसं विखुरून बसलेली. मी चढले. साहेबांनी एक रेघ ओढली. पुढच्या पाड्यावर कोणी नाही. त्याच्या पुढेही कोणी नाही. शेणव्याला एक गुरुजी चढले, तेवढेच. मी साहेबांजवळ जाऊन सांगितलं की काल ही बस गच्च भरलेली होती, मी स्वतः पाहिलंय. त्यांनी माझं नीट ऐकून घेतलं.

"असेल," ते म्हणाले. "पण मला आज जे दिसतं तेच लिहिता येतं."

मला त्यांचा राग आला, पाड्याचा आला, आणि सर्वांत जास्त मनीषाचा. तिच्यासाठीच तर हे चाललं होतं ना? आसनगावला बस त्या नव्या फरशीवर वळून थांबली. रुचा फाटकापाशी उभी होती. दारातून आम्ही आठ-नऊजण उतरलो, आणि तिचा चेहरा उतरला.

तेवढ्यात शेताच्या बांधावरून माणसं येताना दिसली. एकामागून एक. पुढं धर्माकाका, खांद्यावर घोंगडी. मागे भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका, कारखान्यात जाणारे तरुण, कॉलेजच्या मुली. रांग संपेचना. एका पाड्याची माणसं संपली की दुसऱ्या पाड्याची सुरू. गुडघ्यापर्यंत पाय भिजलेले, त्यावर गवताचं बी चिकटलेलं, कारण वाटेत नदी दगडांवरून ओलांडायची होती. डोंगरातून अडीच-तीन तासांची ती वाट. माहुलीवर नुकतं ऊन चढत होतं आणि त्याच्या पायथ्याशी ती रांग मुकाट चाललेली होती. आदल्या दिवशी मी डोंगर पाहून थक्क झाले होते, पण हे काही वेगळंच होतं.

माणसं फरशीच्या कडेला येऊन थांबली. बसच्या आड येऊ नये म्हणून दूरच. मनीषानं नळावर पाय धुतले, पिशवीतल्या चपला काढून घातल्या. धर्माकाका साहेबांपुढं आले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, बसायला ऐसपैस मिलाला ना? गर्दी झाली नाय ना?"

साहेबांना काही कळेना. मला मात्र कळलं. आदल्या रात्री जेवताना सासूबाईंनी सांगितलं होतं, या भागात लग्नाचं वऱ्हाड निघालं की पाहुणे गाडीत बसतात आणि घरचे पायी जातात. गाडीत जागा उरली तरी घरचे चढत नाहीत. मी काल साहेब आपल्यासाठी येत आहेत म्हणून सांगितलं होतं. आपल्यासाठी येतो तो पाहुणा. त्यांनी पाहुण्यासाठी गाडी मोकळी सोडली होती. बसमध्ये बसा, एवढं एक साधं वाक्य मी माझ्या सबंध भाषणात बोलले नव्हते.

मी साहेबांना सगळं सांगितलं, चूक माझी आहे हेही. बोलताना मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. साहेबांनी त्या भिजलेल्या पायांकडे पाहिलं. मग त्यांनी तक्ता उघडला.

"सकाळची फेरी लिहून झाली, ती मी खोडणार नाही," ते म्हणाले. "पण तक्त्यात संध्याकाळचीही फेरी आहे. काका, संध्याकाळी मी पाहुणा नाही. तुमच्यासारखंच तिकीट काढून बसणार आहे."

धर्माकाकांनी विचारलं, "मंग आमच्याकडं चहाला उतराल?"

"चहाला उतरलो की पाहुणा झालो. आज नको."

हे त्यांना पटलं. लोकल आली तशी माणसं उतारावरून पुलावर चढली आणि पांगली. धर्माकाका मात्र दिवसभर छपराखाली घोंगडी अंथरून बसून राहिले. मी दुपारच्या गाडीनं निघणार होते, तो बेत मी रद्द केला.

संध्याकाळी बस भरली. बाक भरले, मधली वाट भरली. साहेब तिकीट काढून उभे होते, आणि मीही तिकीट काढून उभीच राहिले, कारण मी बसले असते तर धर्माकाका पाहुणी म्हणून उठले असते. साहेबांनी मागून पुढं येत सगळ्यांना मोजलं. चालकानं घड्याळ पाहिलं आणि गाडी सुरू केली.

"झाले सगळे?" साहेबांनी विचारलं.

"एक जण ऱ्हायलीय," धर्माकाका म्हणाले. "आमची सून. लोकल अजून आली नाय."

चालक म्हणाला की सुटायची वेळ झाली, पुष्कळदा असंच होतं, लोकल दोन-चार मिनिटं मागं असली की ती राहते आणि मग काळ्यापिवळ्या जीपसाठी शहापूरला चालत जाते. तिथून जीप मिळाली तर मिळाली. हे मनीषानं मला सांगितलंच नव्हतं. साहेबांनी चालकाला गाडी बंद करायला सांगितली. कोणी कुरकुरलं नाही. सगळी बस पुलाकडे बघत थांबली. बाहेर रुचाही हाताची घडी घालून पुलाकडेच बघत होती.

लोकल आली. उतारावरून मनीषा धावत येताना दिसली. ती पायरीवर चढली आणि सगळे आपल्याकडे बघतायत हे पाहून गोंधळली. साहेबांनी तिच्या नावाची शेवटची रेघ ओढली. मग शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी काहीतरी लिहिलं. मी वाकून वाचलं, ही माझी जुनी खोड. 'लोकल आल्याशिवाय ही बस सोडू नये,' असं लिहिलं होतं.

दिवेलागणीला आम्ही पाड्यावर उतरलो. सासूबाईंच्या कडेवर परी होती. आई दिसताच तिनं आजीच्या कडेवरून उडीच घेतली.

मिरजेला परतून दोन महिने झाले. इतकी वर्षं मी एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत आले, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. आता स्टँडवर गाडी लागली की माझा हात पिशवीकडे जातो आणि मला ती भिजलेली पावलं दिसतात. एवढ्यानं मी सुधारले असं नाही, पण हात थबकतो हे खरं. मागच्या आठवड्यात रुचानं आसनगावच्या थांब्यावरच्या नव्या फलकाचा फोटो पाठवला. सकाळच्या फेरीपुढं वेळ लिहिली आहे. संध्याकाळच्या फेरीपुढं आकडा नाही. तिथं लिहिलंय, 'लोकल आल्यावर.' फोटोत फलकाखाली मनीषा उभी आहे, हातात परीसाठी घेतलेला फुगा, आणि ती कुठंही घाईत दिसत नाही.