घडीत गेलेले दोन इंच

विश्वास कुणावर ठेवायचा, सांगा बरं? मासिकातल्या फोटोवर, बोलघेवड्या गिऱ्हाइकावर, की दोन पाइपांचा सांधा जोडणाऱ्या हातावर? बोरिवलीत मी सायकलचं दुकान काढलं ते नापास दहावीच्या जोरावर, त्यामुळे हे सगळं ठेचा खात शिकलो. किस्से कसे साठतात म्हणाल, तर कपाटामागे घरंगळलेल्या बेअरिंगच्या छर्‍यांसारखे. वर्षानुवर्षं दिसत नाहीत, आणि कपाट सरकवलं की मूठभर निघतात!

माझ्या मुठीतले बहुतेक दत्तारामचे. मालवणकडचा माणूस, गिरणीत फिटर. गिरणी बंद पडली तसा दहिसरच्या चाळीत बसून होता. तेव्हा पोरांना बीएमएक्सचं वेड लागलेलं. छोटी चाकं, बुटकी फ्रेम, उड्या मारायची सायकल. ती मापानुसार बनवून द्यायची टूम मी काढली आणि पितळ वितळवून फ्रेमचे सांधे जोडायला दत्तारामला घेतलं. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "शेठ, गणपतीक गावाक गेलंय काय परत येवचंय नाय. घरात ठरला हा."

तो गेला की माझं दुकान पुन्हा पंक्चरवाल्याचं!

*

गिरणीतल्या मागांच्या खडखडाटाने दत्तारामचे कान निम्मे गेलेले. म्हणून सांधा तपासताना तो फ्रेमच्या एका टोकाला पान्याने टिचकी मारायचा आणि दुसऱ्या टोकाला दात लावायचा. कंप दातात नीट आला की सांधा पक्का.

एक बाई लेकाची सायकल न्यायला आल्या आणि बघतच राहिल्या. "अहो, हे काय करतायत?"

मी म्हटलं, "चव बघतायत!"

"बरं, मग धुऊन द्या हं."

*

एका पोराने परदेशी मासिक आणलं. मधल्या दोन पानांवर पसरलेला बीएमएक्सचा फोटो. चाक वीस इंचाचं हे माहीत होतं, त्यावरून पट्टी लावून मी सगळी मापं काढली. हुशारीच ना! दत्तारामने विचारलं, "शेठ, ह्या कागदार बसान पोर उडी मारतला?"

फ्रेम झाली, चाकं लागली, पोरगा बसला, तर गुडघे थेट हँडलला!

दत्तारामने मासिकाच्या पिना उचकटल्या, दोन्ही पानं सुटी करून शेजारी ठेवली. फोटोचा थोडा भाग मधल्या घडीत लपलेला. "शेठ, दोन इंच घडयेत गेले!"

माझी वाट लागली म्हणून मी कपाळाला हात लावला. पण पोराने ती आरे कॉलनीच्या उतारावर नेली. फ्रेम आखूड, त्यामुळे पुढचं चाक असं अलगद उचललं जायचं की तो परत द्यायलाच तयार नाही. "झकास आहे, काका!" मग काय, सगळ्यांना "घडीवाली"च हवी. एक गृहस्थ तर दुकानात येऊन ती दुमडायलाच लागले!

*

गोराईची एक मासळीवाली लेकीसाठी फ्रेम बघायला आली. "वजन किती रे?"

"पावणेतीन किलो, मावशी."

तिने एका हातात फ्रेम झुलवली. "तीन! रोज मासळीची पाटी उचलते मी. मला नको शिकवू."

काट्यावर ठेवली. तीन!

दत्ताराम मान खाली घालून म्हणाला, "पितळ जास्त घातलंय. सांधो सुटलो तर?" गिरणीने नको म्हटलेला हात, त्याचा त्यालाच भरवसा उरला नव्हता.

मावशीने सांध्यावरून अंगठा फिरवला. "एवढं गुळगुळीत काम, आणि घाबरतोस? भित्रा कुठला!"

पुढची फ्रेम पावणेतीनची उतरली.

*

गणपतीच्या आठवडाभर आधी त्याची बायको दुकानात आली. हातात एसटीची दोन तिकिटं. "भावोजी, ह्यांका सांगा, रविवारी निघाचा हा."

मी स्टूल दिलं. ती टांगलेल्या फ्रेमा बघत बसली. "ह्यो दांडो कित्याक इतको खाली?"

"पाय टाकायला सोपं जातं, वहिनी."

"साडी नेसान पण जमात मगे," ती हळूच म्हणाली.

दत्तारामने गॅसची ज्योत बंद केली. "तू बसतलंस?"

"ल्हानपणी भावाच्या सायकलीमागसून धावलंय. बसाक कोणी दिला नाय."

तो टेप घेऊन उठला. रस्त्यात बायकोच्या दहा पावलं पुढे चालणारा माणूस, पण भर दुकानात, चार पोरांसमोर त्याने तिच्या हाताची लांबी मोजली, मग कमरेपासून टाचेपर्यंत.

"लोक बघतत!"

"बघूंदेत. माप चुकला तर माका नावां ठेवतीत."

"किती दिवस लागतले?"

"हलकी करूची तर... मयनो."

तिने तिकिटांकडे पाहिलं आणि ती पर्समध्ये टाकली. "मगे ही परत करूक होयी."

अदलाबदल होऊ नये म्हणून आम्ही पाइपवर खडूने गिऱ्हाइकाचं नाव लिहायचो. लग्नाला वीस वर्षं झालेली, पण बायकोचं नाव दत्तारामच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. खडू घेऊन त्याने पाठमोरा होऊन काहीतरी लिहिलं. मग नवा पाइप खुंटीला टांगला आणि चहा सांगायला निघून गेला.

मी जवळ जाऊन वाचलं. दोनच अक्षरं: "अगो".

पुढे कुणाला सांगाल तर हिशेब प्रामाणिक ठेवा. दत्ताराम थांबला तो त्या सायकलीमुळे, आणि तिला मी फक्त चेन बसवली.