हिरवा कशासारखा?

डिलाईल रोडवरच्या आमच्या गावकीच्या खोलीत एक नियम होता. सकाळी उठल्यावर चूळ भरायच्या आधी कोंडीरामाला स्वप्न सांगायचं. चूळ भरली की स्वप्नातला रंग पाण्याबरोबर मोरीत वाहून जातो आणि मग हातात नुसती चिंधी राहते, असं त्याचं म्हणणं. खोलीत एकाच गावची चौदा माणसं आणि मोरी एक. तोंडात राखुंडी घेऊन रांगेत ताटकळणाऱ्याला तेवढाच विरंगुळा होई, म्हणून कुणी तक्रार करत नसे.

कोंडीराम पंचेचाळिशीचा, हाडकुळा माणूस. एका मिलच्या रंगखात्यात पंधरा वर्षं काम केलेला. कोपरापर्यंत हात रंगाने माखून माखून कातडीला एक कायमचा मळकट रंग आला होता. तो नक्की कोणता, हे सांगायला तज्ज्ञच लागला असता.

"बोल, काय पाह्यलंस?" तो उकिडवा बसून विचारायचा.

"काय नाय बा. डोळा मिटला तो भोंग्यालाच उघडला."

"आठव, आठव. हिरवं काय व्हतं का त्यात?"

लाल दिसलं, पिवळं दिसलं, हत्ती दिसला, मेलेला बाप दिसला, तरी तो "बरं" म्हणून सोडून देई. हिरव्याचं नाव निघालं की मात्र पुढे सरके. हिरव्या बांगड्या म्हणजे घरात कार्य. हिरवं शेत म्हणजे चार दिवसांत गावचं पत्र. हिरवं पाणी म्हणजे पोट बिघडणार. हिरवा साप म्हणजे सासुरवाडीचं माणूस मुक्कामाला येणार. यातलं शेवटचं भाकीत खरं ठरण्याची लोकांना फार धास्ती असे. आणि अर्थ सांगण्याआधी त्याचा एक प्रश्न ठरलेला असायचा.

"हिरवा कशासारखा?"

"म्हणजे? हिरवा तो हिरवा."

"तसं नाय. हिथं खोलीत दाखव. नायतर चाळीत दाखव. कशासारखा?"

मग सांगणारा बोट दाखवी: त्या बाटलीसारखा, नायतर खालच्या कौसल्याबाईंच्या लुगड्यासारखा. कोंडीराम त्या वस्तूकडे डोळे बारीक करून बघत राही आणि मग उशाखालची चाळीस पानी वही काढून शिसपेन्सिलीने काहीतरी लिही. ही वही आणि हिरव्याचा हा नाद, दोन्ही दिवाळीनंतर आले होते. त्याआधी पंधरा वर्षं तो नुसता विरंगुळा म्हणून स्वप्नं ऐकत होता.

आणि दिवस कसले होते, तर छप्पन सालच्या मार्चचे. जानेवारीत मुंबईत गोळ्या चालल्या होत्या. संयुक्त महाराष्ट्राचं नाव मोठ्याने घेतलं की आजूबाजूला कोण आहे ते आधी बघावं लागे. चाळीच्या नळावर अनोळखी माणूस दिसला तर तो साध्या कपड्यातला पोलीस, आणि ओळखीचा दिसला तर त्याचा खबऱ्या. अशा दिवसांत एक माणूस रोज पहाटे खोलीभर माणसांना प्रश्न विचारतो आणि उत्तरं वहीत उतरवून घेतो. मी देवरुखच्या शाळेतून मॅट्रिक झालेला, छापखान्यात मुद्रितं तपासणारा. दुसऱ्याच्या चुका शोधणं हाच माझा धंदा. सगळ्यात आधी मला संशय यायला हवा होता. पण तो आला उत्तमला.

उत्तम म्हणजे आमच्या चाळीत समितीचं काम बघणारा. आवाज मोठा, मिशी त्याहून मोठी. गुरुवारी प्रभातफेरी निघायची होती. जमावबंदी होती, म्हणून फेरी कुठून निघणार हे फक्त आमच्या खोलीला ठाऊक. त्या सकाळी रघूने स्वप्न सांगितलं. हिरव्या पाटावर बसलोय आणि ताटात काहीच वाढलेलं नाही.

कोंडीरामाने त्याचा हात धरला. "रघू, आज भाएर जाऊ नको."

"का?"

"नको म्हणतो ना."

रघू गेला. फेरीतले सगळे बोळाबोळांतून पसार झाले आणि एकटा रघू पोलिसांच्या गाडीत बसून गेला.

"याला आधी कसं कळलं?" उत्तमने मला जिन्यात गाठून विचारलं. "सांग ना म्याट्रिक. सपनात दिसलं? हिरव्या पाटावर?"

मला सगळे म्याट्रिकच म्हणत. मी म्हटलं, "संशयाला जागा आहे."

ही असली वाक्यं मी तेव्हा फार बोलत असे.

शनिवारी कोंडीराम पाळीवर गेल्यावर उत्तमने उशाखालून वही काढून माझ्या हातात दिली. अक्षर म्हणजे पावसाळ्यातले गोगलगायीचे माग. पण लागत होतं. 'रघू. हिरवा. पाट. कौ.चे लुगडे.' 'शाम. हिरवा. दोनदा. बाटली.' 'कौ. हिरवा. चुडा. जिन्याचा कठडा.' पानंच्या पानं भरलेली. नाव, मग हिरवा, मग एखादी वस्तू.

"हिरवा म्हंजे समितीचा माणूस," उत्तम कुजबुजला. "दोनदा म्हंजे दोनदा मोर्चाला गेला. शामराव गेलाय का नाय दोनदा? आणि वस्तू म्हंजे पत्ता. जिन्याचा कठडा! आपण पत्रकं कुठं लपवतो?"

पत्रकं जिन्याखालीच होती. कौसल्याबाईंच्या लुगड्यात मात्र आम्ही काही लपवलेलं नव्हतं, पण एवढी बारीक शंका तेव्हा कुणाला सुचते?

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बैठक बसली. खालच्या मजल्यावर खानावळ चालवणाऱ्या कौसल्याबाईही दारात येऊन टेकल्या. स्वप्नं त्याही सांगत, आणि त्यांचं नाव वहीत सात वेळा होतं. ठरलं होतं ते एवढंच: कोंडीराम खबऱ्या निघाला तर त्याची वळकटी आजच जिन्यात. आणि गावकीच्या खोलीतून वळकटी बाहेर पडली की गावालाही कळतं. महिनाअखेरीस शिमगा होता. मग पालखीला त्याचा खांदा चालला नसता, आणि त्याच्या घरच्या दारासमोर पालखी थांबलीही नसती. गावी त्याची बायको एकटी होती.

"कोंडीदादा, ही वही कुणासाठी लिवतोस?" उत्तमने विचारलं.

"माझ्यासाठी."

"हिरवा म्हंजे कोण?"

"हिरवा म्हंजे हिरवा."

"रघूला जाऊ नको का म्हणालास?"

"त्याचा हात तापला व्हता. चटका बसला मला."

"वा! सगळी चाळ झोपेत, आणि ताप कळला तो ह्यालाच! म्याट्रिक, वाच."

मी उभा राहिलो. इतक्या माणसांनी माझं वाचन कान देऊन ऐकण्याची ती पहिलीच वेळ, त्यामुळे आवाजात जरा सरकारी वकील शिरला. एकेक नोंद वाचून मी क्षणभर थांबत होतो, म्हणजे ज्याचं नाव त्याने दचकावं. दचकतही होते. कोंडीराम गुडघ्यांना मिठी घालून जमिनीकडे बघत बसला होता. असा बसलेला माणूस निर्दोष कसा असेल, असं मला मनापासून वाटत होतं.

"'राजा. हिरवा. घोडा. त्याच्या टरंकेसारखा,'" मी वाचलं.

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दोघं तिघं हसले. मी वर बघितलं. राजारामची ट्रंक समोरच भिंतीला लावलेली. लालबागच्या गणपतीत मिरवावी अशी लालभडक. तिच्यावर पांढऱ्या अक्षरात त्याचं नाव.

"मेल्या, ह्या काय?" कौसल्याबाई म्हणाल्या. "हिरवो घोडो नि तांबडी टरंक?"

"मस्करी केली बाय मी," राजाराम ओशाळून म्हणाला. खोलीतला थट्टेखोर तोच. "रोज विचारतो म्हणून दिली ठोकून. म्हटलं, चिडंल. तर ह्यानं लिवूनच घेतलं!"

सगळे हसत होते. कोंडीराम हसत नव्हता. तो मान वर करून ट्रंकेकडे बघत होता. आधी ट्रंकेकडे, मग दारातल्या कौसल्याबाईंच्या लुगड्याकडे, मग पुन्हा ट्रंकेकडे. दोन सारख्या भावांतला थोरला कोण, हे ओळखायला सांगितल्यासारखा.

माझा वकील तिथेच बसला. ज्याने आम्हाला पकडून द्यायला वही लिहिली, तो डोळ्यांसमोरची ट्रंक चुकीची कशाला लिहील?

"शामराव," मी म्हटलं. शामराव त्याच रंगखात्यात काम करणारा, आणि गेले दोन दिवस वळकटी बाहेर काढा म्हणून सगळ्यांत जास्त ओरडणारा. पण त्याच्या लक्षात माझ्याआधीच आलं होतं. त्याने खांद्यावरचा लाल पंचा काढून कोंडीरामासमोर धरला.

"कोंडीदादा, ह्याचा रंग कुठला?"

"तुला ठाऊक हाय."

"तू सांग."

कोंडीरामाने पंचा हातात घेतला, उलटा केला, उजेडाकडे धरला. "पांढरा नाय," तो म्हणाला.



"मला हिरवा वळखू येत नाय," तो पंच्याकडे बघतच म्हणाला. "लालबी नाय. दोन्ही चिखलावानी दिसतात. ल्हानपणापासनं."

"आणि पंधरा वर्सं रंगखात्यात?" शामरावचा आवाज चिरकला.

"पिपं ठरल्या जागी व्हती. डाव्या हाताचं तिसरं, ते हिरवं. दिवाळीनंतर खात्यावर नवा मास्तर आला नि त्यानं सगळी पिपं हलवली. आता रोज भ्या वाटतं. एक बादली चुकली तर अख्खं कापड जातं, नि माझी नोकरी. म्हटलं, हिरव्या वस्तू बघून बघून डोळ्याला सवय लावावी. खोलीतल्या, चाळीतल्या. लिवून ठेवाव्या."

"मग सरळ विचारायचं होतंस!" उत्तम ओरडला.

"जागेपणी विचारलं, हे हिरवं हाय का, तर माणूस तोंडाकडं बघतो. सपनातलं विचारलं तर सांगतो."

खबऱ्या नाही हे सिद्ध करायला कोंडीरामाने आपली नोकरी शामरावच्या हातात दिली होती. शामराव मास्तराजवळ एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं. सगळे शामरावकडे बघत होते. तो कोंडीरामाच्या हातातला पंचा घेऊन पुन्हा खांद्यावर टाकून विडी शोधायला लागला.

"आणि हिरव्या सापाचं?" राजारामने हळूच विचारलं. "सासुरवाडीचं माणूस येतंय ते?"

"ते माझ्या मनाचं," कोंडीराम म्हणाला. "नुसतं विचारून सोडलं तर लोकांना वाईट वाटतं."

पण संशय असा एका दुपारी निघत नाही. उत्तमने वही आपल्याजवळ ठेवली. "रघू सुटून येऊ दे," तो म्हणाला. "तोवर वळकटी आत. पण फेरीचं बोलणं ह्याच्यासमोर नाय." पुढचे आठ दिवस कोंडीराम खोलीत शिरला की बोलणी बंद पडत. सकाळी रांगेत सगळे मुकाट राखुंडी घाशीत. मीही त्यांच्यातच. एकदा त्याने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी घाईघाईने चूळ भरून टाकली. रंग न दिसणाऱ्या माणसालाही कान असतात, हा माझा तेव्हाचा विचार. आज तो लिहितानाही बरा वाटत नाही.

आठव्या दिवशी रघू आला. दाढी वाढलेली, पण तब्येत सुधारलेली.

"तुला कुणी पकडून दिलं?" उत्तमने पाणीही न देता विचारलं.

"पकडून कुणी देतोय? अंगात ताप व्हता रे. पाय चालंनात. तुम्ही सगळे पळालात, समोर गाडी दिसली, म्हटलं बसावं जरा. जाऊन बसलो."

"पोलिसांच्या गाडीत?"

"दुसरी नव्हती तिथं."

उत्तमने वही कोंडीरामाच्या उशाखाली सरकवली. रघूला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने कोंडीरामाचे पाय धरले आणि हिरव्या पाटाचा अर्थ केवढा खरा निघाला, ते रिकाम्या ताटासकट सगळ्या मजल्याला सांगत सुटला.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये शामरावने हिरव्याच्या पिपाच्या कडीला सुतळीची गाठ मारली. पीप कुठेही हलवलं तरी गाठ बरोबर जाणार. त्याने हे घरी कुणाला सांगितलं नाही. ते आम्हाला कळलं नवा मास्तर खवळला तेव्हा.

"ही सुतळी कुणी बांधली?" मास्तरने विचारलं होतं.

शामराव थापा मारण्यात कच्चा. पण चौदा माणसांच्या रांगेत उभं राहून काही तरी अंगी लागतंच. "साहेब, कोंडीरामाच्या सपनात हिरवा आला व्हता," तो म्हणाला. "गाठ सोडली तर कापड जळतं म्हणतात. तुम्ही सोडा, आम्ही नाय हात लावणार."

मास्तर शिकलेला माणूस. असल्या गोष्टींवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. गाठ मात्र त्याने सोडली नाही.

शिमग्याला कोंडीराम गावी गेला, पालखीला खांदा दिला, आणि परत येताना सगळ्या खोलीला पुरतील एवढे आंबोशीचे तुकडे घेऊन आला. मी अजून त्याच्याकडे जरा तिरकाच बघत होतो. एकदा मी त्याला एकट्याला गाठलं. "कोंडीदादा, तुमच्या स्वतःच्या स्वप्नात हिरवा येतो का?"

"येतो की."

"आणि कळतो?"

"सपनात कळतो," तो म्हणाला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. हे खरं होतं की सापासारखं मनाचं, ते मी त्याच्या तोंडाकडे बघून ओळखू शकलो नाही.

मग एप्रिलात एका सकाळी जिन्यात बुटांचा आवाज झाला. दारात नवा मास्तर. रांगेतल्या सगळ्यांनी राखुंडी गिळली. शामराव पांढरा पडला, आणि तो रंग कोंडीरामालाही दिसला असावा, कारण तो उठून उभा राहिला.

मास्तरने इकडेतिकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "कोंडीराम, मी अजून चूळ भरलेली नाही. पहाटे पोपट दिसला. मोठा. खांद्यावर बसला होता."

आता गाठ होती, वहीचं काही काम उरलं नव्हतं. 'बढती होईल साहेब' एवढं म्हटलं असतं तरी मास्तर खूश होऊन गेला असता.

कोंडीराम पुन्हा उकिडवा बसला. उशाखालून वही काढली, शिसपेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि मास्तरकडे डोळे बारीक करून बघितलं.

"हिरवा कशासारखा?"