लपवलेलं लोणी

कारखान्याच्या कॅन्टीनचा आचारी रोज दुपारी शेकडो माणसांना जेवू घालायचा, आणि घरी त्याची नववीतली पोर ताटातले घास रुमालात लपवायची. ही गोष्ट कॅन्टीनमध्ये पसरायला वेळ लागला नाही. "पोरीला तुझ्या हातचं आवडत नसेल रे," असं एक फिटर हसत म्हणाला, तेव्हा आचाऱ्याने हातातला डाव भांड्यावर असा आपटला की रांगेतली माणसं मागे सरली.

राग तसा त्याच्या नाकावरच असायचा, पण त्या वर्षी तो उतरेना. आणि का उतरावा? पहिल्या डॉक्टरांनी पोरीला वजनकाट्यावर उभं केलं, टॉनिक दिलं आणि म्हणाले, "या वयात बारीक व्हायचं खूळ असतं. जाईल." दुसऱ्यांनी तिच्या देखतच बापाला विचारलं, "आचारी ना तुम्ही? मग स्वतःच्या मुलीला खाऊ घालता येत नाही?" मोठ्या इस्पितळात पोटाचे डॉक्टर मनाच्या डॉक्टरांकडे बोट दाखवायचे, आणि मनाचे डॉक्टर म्हणायचे, आधी वजन वाढवून आणा, मग बोलू. म्हणजे मोडलेला पाय आधी जोडून आणा, मग प्लास्टर घालू! शिकल्यासवरल्या माणसांची ही तऱ्हा. इकडे पोरीचे केस पुंजक्यांनी गळत होते, भर उन्हात ती स्वेटर घालून बसायची आणि जिना चढताना तिला मध्येच कठडा धरावा लागायचा.

शेवटी आचाऱ्याने आपलंच डोकं चालवलं. कमी तेलातल्या भाजीला तेलाची चव आणण्यात त्याची हयात गेली होती. आता त्याने ते कसब उलटं वापरलं. पोर भाज्यांचं पातळ सूप तेवढं प्यायची. त्यात लोणी घालून त्याने ते इतकं घोटलं, की वर तवंग म्हणून दिसेना. पोर वाटी संपवू लागली. "बघ," तो बायकोला म्हणाला, "डॉक्टर गेले खड्ड्यात."

पण आचारी पदार्थ गरम वाढायचा तेवढा विचार करतो. निवल्यावर त्याचं काय होतं, हे बघायला तो कधी थांबत नाही. एके दिवशी मैत्रिणीचा फोन आला, पोर बोलत बसली, आणि परत आली तेव्हा सुपावर पिवळट साय धरली होती.

"बाबा, यात काय घातलंत?"

"काही नाही."

"मग हे काय आहे?"

त्या दिवसापासून तिने त्याच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. पेला स्वतः विसळायची, स्वतः भरायची. पुढच्याच आठवड्यात ती शाळेच्या मैदानावर कोसळली.

शाळेतली नर्स मात्र शहाणी निघाली. खाण्याच्या आजाराचे वेगळे डॉक्टर असतात, असं तिने आईला सांगितलं आणि अशा एका डॉक्टरबाईंचा पत्ताही दिला. तिथल्या स्वागतिकेने कित्येक महिन्यांनंतरची तारीख दिली. आचारी टेबलावर मूठ आपटून ओरडला, त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. बायको मात्र रोज सकाळी फोन करून गोड आवाजात विचारत राहिली, "आज कोणी यायचं राहिलंय का?" शेवटी एकदा कोणीतरी यायचं राहिलं, आणि ती वेळ पोरीला मिळाली.

डॉक्टरबाईंनी पोरीची नाडी पाहिली आणि तिला त्याच दिवशी दाखल करून घेतलं. लोण्याची गोष्ट पोरीकडून कळल्यावर आईबापांना समोर बसवून म्हणाल्या, "हे खूळ नाही, आजार आहे, आणि तो तुमच्यामुळे झालेला नाही. पण लपवून काही घालायचं नाही. कोणावर विश्वास ठेवू नकोस, असं हा आजार तिला रोज सांगतो. तुम्ही त्याचं म्हणणं खरं करून दाखवलंत."

आचारी उसळला. "मग काय, मरू द्यायची होती?"

"नाही. लोणी घालायचंच. पण सांगून घालायचं. ती ओरडेल, रडेल, तुम्हाला नाही नाही ते बोलेल. तरी शेजारून उठायचं नाही."

एवढी साधी गोष्ट याआधी एकालाही सांगता आली नाही, याचा त्याला इतका संताप आला की घरी येईपर्यंत तो आधीच्या डॉक्टरांना शिव्या घालत राहिला.

काही आठवड्यांनी पोर घरी आली. आचाऱ्याने सूप केलं, वाटी तिच्यासमोर ठेवली आणि खुर्ची ओढून शेजारी बसला.

"यात लोणी आहे. दोन चमचे."

पोरीने वाटी ढकलली. "मला तुमचं तोंडसुद्धा बघायचं नाही."

"नको बघूस. वाटीकडे बघ."

ती वाटेल ते बोलली. दुसऱ्या कोणी त्यातलं निम्मं जरी ऐकवलं असतं, तर त्याने वाटी भिंतीवर फेकली असती. आता तो मांडीखाली हात दाबून बसून राहिला. बोलून बोलून ती दमली.

"आणखी काय घातलंय?"

"गाजर, बटाटा, मीठ, मिरी. बस."

"खोटं बोलताय."

"या वेळी नाही."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. मग डोळे पुसले आणि रागारागाने चमचा उचलला.