मामींनी पडवीत इंजिन उतरवलं

थांबा, हातातलं काम जरा बाजूला ठेवा, कारण हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर माझं पोट फुटेल! अख्ख्या मुळशी तालुक्यात असं एकही यंत्र नाही, जे आमच्या घरमालकीण मामींसमोर मान वर करून उभं राहील. मी भुकूमला त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते, हिंजवडीला कंपनीत आहे, म्हणजे नावाला मी टेक्नॉलॉजीवाली आणि त्या भातशेतीवाल्या. पण माझा गीझर बंद पडला की मी मोबाईलवर व्हिडिओ शोधत बसते आणि मामी तोवर पदर खोचून स्टुलावर चढलेल्या असतात. कारागीर बोलवायचा त्यांना मनापासून तिटकारा. "मान्सू बोलवला की च्या आला, च्या आला की गप्पा आल्या. काम न्हाई आलं कदी!" असा त्यांचा हिशोब. विहिरीवरचा पंप घरघरायला लागला तेव्हा त्यांनी काय करावं? स्वयंपाकघरातून लाटणं आणलं, एक टोक पंपाला लावलं, दुसरं स्वतःच्या कानाला, डोळे मिटले आणि डॉक्टरीणबाईंसारखं जाहीर केलं, "बेरिंग रडतंय." आणि खरंच बेरिंगच गेलेलं निघालं! वॉशिंग मशीन मध्येच थांबली की तिला म्हणणार, "हिला म्हायेरची आठवन आलीया," आणि कमरेवर असा एक दणका देणार की ती बिचारी निमूट फिरायला लागते.

आणि मामींची सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे त्यांचा मिसळणाचा डबा. स्वयंपाकाचा नाही, त्याचा जुना भाऊ. काहीही उघडलं की त्याचे स्क्रू, बोल्ट त्या डब्याच्या वाट्यांमध्ये ओळीनं जाणार. हळदीच्या वाटीत पहिले, मोहरीच्या वाटीत दुसरे, असं. जोडताना उलट्या क्रमानं बाहेर. माझा टेबलफॅन त्यांनी दुरुस्त केला, तो अजून सुरू झाला की किंचित हिंगाचा वास येतो. पण चालतो!

आता मामांबद्दल सांगायला हवं. मामा म्हणजे त्यांचे मालक, एकेकाळी या रस्त्यावर त्यांच्या फटफटीचा आवाज आला की लोक म्हणे दूध तापवायला ठेवायचे, मामा घरी येईपर्यंत ते उतू जायची वेळ बरोबर जुळायची. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, वाचा आली, उजवा हात मात्र परत आला नाही. आणि उजव्या हाताशिवाय ॲक्सिलरेटर कसा पिळणार? मामा बोलायचेच थांबले. बोलता येत होतं, बोलायचे नाहीत. पडवीत खाटेवर, फटफटीकडे पाठ करून बसायचे. तिचं इंजिनही तोवर जाम होऊन बसलेलं. आणि एक दिवस जेवता जेवता मामा एवढंच म्हणाले, "रैवारी भंगारवाला येनार हाय. न्हिऊ दे तिला."

मामींनी भाकरी तव्यावर तशीच सोडली. मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "पोरी, गाडी गेली का ह्यो मान्सू बी गेला समज. पौडला एक जन इंजिन उघडून देतो म्हनलाय. पन अख्खी गाडी टेंपोत घातली तर ह्ये म्हननार, तिकडनंच भंगारात द्या. म्हनून इंजिन तेवढं हितंच उतरवायचं. गाडी दारात ऱ्हाईल, पन बिनइंजिनाची कोन घेनार? भंगारवाला हात हालवत जाईल." मी विचारलं, मामी, ते इंजिन केवढं जड असतं माहितीये ना? तर म्हणाल्या, "दोन पोरं काढलीत मी. इंजिनाचं काय घिऊन बसलीस!"

शनिवारी सकाळी सुरुवात. टाकी उतरवली, बॅटरी, सायलेन्सर, चेन, वायरी, सगळं सुटं. गंजलेल्या आट्यांवर रॉकेल. एकेक बोल्ट डब्यात. सगळ्या वाट्या भरल्या तसं मामींनी हात झटकले, "झालं! डबा भरला." पडवीच्या छताला एक जाड कडी आहे, तिच्यावर आधी त्यांच्या दोन्ही पोरांचे पाळणे होते. तिला त्यांनी विहिरीची कप्पी अडकवली, इंजिनाखालून जुनं नऊवारी लुगडं घातलं आणि दोर सोडला. ओढायला कोण? मी, मामी आणि शेजारच्या दोघी जावा, ज्या गणपतीपासून एकमेकींशी बोलत नाहीत. पण इंजिन म्हटल्यावर दोघी एकाच दोराला आल्या. शिवाय माझी शनिवारची तातडीची मीटिंग चालू, कानात इअरफोन, मी म्यूटवर. मामी ओरडल्या, "वढा गं!" आम्ही ओढलं. दोर ताणला, कडी करकरली आणि वर कोण आलं माहितीये? अख्खी फटफटी! स्टँड सोडून, चाकांसकट, पाळण्यातल्या बाळासारखी झुलायला लागली! मी किंचाळले, "मामी, गाडीच आली वर!" आणि तेव्हा कळलं की म्यूटवर मी नव्हतेच. मॅनेजर शांतपणे म्हणाले, "सॉरी, कम अगेन?"

आणि त्याच क्षणी खाटेवरून एक आवाज आला. आधी मला वाटलं मामांना ठसका लागला. मामा हसत होते! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कधी वळून बसले होते कोण जाणे.

"अगं ए शानी, मागचा खालचा बोल्ट न्हाई काढलास!"

"डबा भरला की माझा!"

"डब्याला इचारून बनीवली व्हती काय गाडी?"

गाडी खाली टेकवली. चिखलाच्या थराखाली खरंच एक लांब बोल्ट लपून बसलेला. नट निघाला, बोल्ट हलेना. मामींनी हातोडी उचलली. एक घाव, दोन, ढिम्म. मामींचा चेहरा पहिल्यांदा पडलेला पाहिला मी. उद्या रविवार होता. त्यांनी पुन्हा हातोडी उगारली, तशी खाट वाजली.

"ठोकू नगं. आटं जातील." मामा भिंतीला धरून उठले. "सगळं वजन त्याच्यावर हाय, म्हनून सुटंना. दोर जरासा ताना. अजून जरा... बास! धरून ऱ्हावा." ते आले, खाली बसले, डावा हात इंजिनावर ठेवला आणि हळूहळू हलवत राहिले, बाळाला झोपवल्यासारखं. मग मामींना म्हणाले, "आता बोल्ट वढ." आणि तो बोल्ट लोण्यातून सुरी निघावी तसा बाहेर आला! डब्यात जागाच नव्हती. मामींनी तो मामांच्या मुठीत ठेवला. डाव्या.

मग काय विचारता! मामा हुकूम सोडतायत, "उजव्या अंगानं तिरपं घ्या, फ्रेमीला लागंल," आम्ही दोर सोडतोय, धरतोय आणि इंजिन लुगड्यात डुलत फ्रेममधून बाहेर पडतंय. ते पाहून थोरल्या जावेला राहवेना. तिनं सुरू केलं, "कुनी गोविंद घ्या..." आणि धाकटीनं लगेच उचललं, "कुनी गोपाळ घ्या!" बारशाला बाळ देतात तसं ते काळंकुट्ट, तेलकट बाळ आम्ही पेंढ्यावर उतरवलं. थोरली म्हणाली, "कुनावर गेलंय वं?" मामा म्हणाले, "वजनावरनं तुज्या सासूवर." दोघी जावा एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या.

रविवारी भंगारवाला आला, तर मामाच पुढे झाले, "चुकीच्या घरी आलायस गड्या."

इंजिन सध्या पौडला आहे. तो माणूस म्हणतो बघू, जमेल कदाचित, कदाचित नाही. पडवीत नुसता सांगाडा उभा आहे, मध्ये भलंमोठं भोक पडलेला. परवा संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर त्या सांगाड्यावर मामी पुढे बसलेल्या, दोन्ही हात हँडलवर, आणि मागच्या सीटवर मामा, डावा हात मामींच्या खांद्यावर.

"लगीन झाल्यापास्नं मी मागं बसले," मामी म्हणत होत्या, "आता तुमी बसायचं. इंजिन आलं का शिकवा मला."

मामा समोरच्या भिंतीकडे बघत हळूच म्हणाले, "सावकाश घे. म्होरं वळन हाय."

मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता वर गेले. तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. तुमच्याही घरात कुणी असं गप्प झालेलं माणूस आहे का? ते परत बोलायला लागलं का? आणि पहिलं काय बोललं?