कोटा फरशीवरचा डाग
बाथरूम धुताना ॲसिडचा वास नाकात गेला, की मला आमच्या इंदापूरकडच्या घरातली कोटा फरशी आठवते. मी तेव्हा बारामतीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आईचा जन्म जमीन सारवण्यात गेलेला, त्यामुळं नव्या घरासाठी फरशी घ्यायला गेलो तेव्हा दुकानात तिनं चपला काढल्या आणि एकेका नमुन्यावर अनवाणी उभी राहिली. हिरवट कोट्यावर थांबून म्हणाली, "ही सारवल्यावानी गार हाय." वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी दारात सिमेंटचे ठिपके दिसले. गवंडी म्हणाला, नुसत्या पाण्यानं घासा. पण मी शहाणपणा करून ॲसिड ओतलं. फसफसून फेस आला आणि परातीएवढ्या जागेची चकाकी कायमची गेली. चुनखडीवर आम्ल टाकलं की असाच फेस येतो, हे मी प्रयोगशाळेत पाहिलं होतं. कोटाही चुनखडीच, हे मात्र सुचलं नव्हतं. "कालिजात ह्येच शिकवत्यात व्हय?" वडील म्हणाले. संध्याकाळी मी आईला हळूच सांगितलं, की या दगडावर लिंबू-चिंचही सांडू देऊ नकोस, डाग पडतो. ती नुसती "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर आत्यानं विचारलं, "अगं, नव्या फरशीला ह्यो डाग कसला?" मी मान खाली घातली. आई हसून म्हणाली, "माझ्या हातनं सरबत सांडलं. दगडाला लिंबू चालत न्हाय, मला अडाणी बाईला कुठं ठावं!" आजही कुणी विचारलं तर ती सरबताचंच सांगते, आणि मी अजून गप्पच बसतो.