हिरवं तोंड, पिवळं तोंड, लाल तोंड

रामेश्वर माणसं मोजत नाही. दारात उभा राहून एकदा खालपासून वरपर्यंत नजर फिरवतो आणि आकडा सांगतो. बीडच्या सिनेपर्व थिएटरात तो कामाला लागला त्या पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "एकशे बेचाळीस." तिकिटाचं मशीन म्हणत होतं एकशे एक्केचाळीस. मॅनेजर रोहिणी मॅडम पुण्याच्या, त्यांचा मशीनवर विश्वास. त्यांनी बॅटरी घेऊन रांगा मोजल्या, तर एका बाईच्या पदराखाली दीड महिन्याचं लेकरू निघालं. मशीन हरलं. मॅडमनी विचारलं, "हे तू कुठं शिकलास?"

"मेंढरात, मॅडम," रामेश्वर म्हणाला. "कोकरू पोटाखाली असलं तरी धरावं लागतं."

नेकनूरजवळच्या वाडीत त्याच्या बापाची, सटवा आबांची, मेंढरं आहेत. रामेश्वरनं वयाची तीस वर्षं त्यांच्यामागं काढली. मग ही नोकरी लागली. काळी पँट, लाल जाकीट, छातीवर नावाची पट्टी आणि हातात छोटी बॅटरी. आबांना हे बिलकूल पसंत नव्हतं. थिएटरात बाराही महिने थंडगार हवा सोडलेली असते हे ऐकून ते म्हणाले, "मानूस काय दूध हाय का, गार जागंत ठिवायला?" मग त्यांनी रामेश्वरची काठी दाराच्या आत, येता-जाता दिसेल अशी टांगली. "तीन म्हयने न्हाई टिकायचास. काठी हितं हाय. आला की घे आन् नीघ."

तीन महिने हा आकडा आबांनी हवेतून काढला नव्हता. कंपनीचा नियमच तसा होता. पहिले तीन महिने कच्चे, मग कायम केल्याचं पत्र. आणि ते पत्र ठरायचं तोंडांवर.

थिएटरातून बाहेर पडायच्या दारापाशी कंपनीनं एक टॅब उभा केला होता. त्यावर रामेश्वरचा फोटो आणि खाली तीन गोल तोंडं. हिरवं हसणारं, पिवळं गप्प बसलेलं आणि लाल रुसलेलं. प्रेक्षकांनी जाताना एक दाबायचं. तीन महिन्यांत तीन लाल झाली की पत्र नाही, लाल जाकीट परत करायचं आणि नेकनूरची जीप धरायची.

रामेश्वरची दोन लाल आधीच झाली होती. दोन्ही, खरं सांगायचं तर, त्यानं कष्टानं कमावली होती.

पहिलं असं. एक खेळ संपून दुसरा लागेपर्यंत झाडलोट करायला फार थोडा वेळ असतो, आणि आपली माणसं सिनेमा संपला तरी उठत नाहीत. चप्पल शोधतात, पोरं शोधतात, पडद्यावर पळणारी नावं बघत बसतात, जणू त्यात आपल्या भाच्याचं नाव यायचं आहे. एकदा रामेश्वरच्या तोंडून सवयीनं आवाज निघाला, "हुर्रर्र... ह्यॉ... ह्यॉ..." आणि जिभेचा टाळूवर टक्क्. दोन मिनिटांत थिएटर रिकामं. म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा पायऱ्या गाळून उड्या घेतल्या. रोहिणी मॅडम खूश झाल्या. पण केजच्या एका गुरुजींनी बाहेर जाऊन लाल तोंड दाबलं आणि खाली लिहिलं, "आम्हाला मेंढरांसारखं हाकललं." तक्रारीत एक अक्षर खोटं नव्हतं.

दुसरं लाल नातवाबरोबर आलेल्या मंजुळाबाईंचं. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी, म्हणून रामेश्वरनं त्यांच्या पिशवीतून भाकरी आणि ठेच्याचं फडकं काढून ठेवलं. सिनेमा तीन तासांचा, ठेचा हिरव्या मिरचीचा, आणि फडकं रामेश्वरच्या नाकाखाली. मंजुळाबाईंनी तीन भाकरी दिल्या होत्या, त्यांना दोन परत मिळाल्या. त्यांना टॅब वापरता येत नव्हता, पण त्यांनी नातवाला उभं करून लाल तोंड दाबून घेतलं, आणि रामेश्वरला विचारलं, "मीठ बराबर होतं का?"

आता तीन महिन्यांतला शेवटचा दिवस उरला होता. रविवार, दुपारी तीनचा खेळ, घोडे-तलवारीचा सिनेमा, थिएटर जवळजवळ हाऊसफुल. सकाळी निघताना आबा काठीला तेल लावत बसले होते.

"सिनेपर्वमध्ये आपलं मनःपूर्वक स्वागत आहे. आपला दिवस चित्रमय जावो," हे पुण्यानं पाठवलेलं वाक्य रामेश्वर दारात म्हणत होता. "बरं बरं, मुतारी कुठं हाय?" असं उत्तर येत होतं. सगळं सुरळीत चाललं होतं.

अडीच वाजताच सुंदरराव आण्णा आले. पंचायत समितीचे माजी सभापती, केज तालुक्यातले. बरोबर पत्नी विमलबाई. नातवानं फोनवरून त्यांची सगळ्यात महागाची तिकिटं काढली होती, शेवटच्या रांगेतले सोफे. बटण दाबलं की पाय वर होतात, पाठ मागे जाते. विमलबाईंचे गुडघे दोन वर्षांपासून धरलेले. पाय वर झाले तशा त्या म्हणाल्या, "अगं बया!" आणि डोळे मिटले. आण्णाही खुशीत. रामेश्वरनं मनातल्या मनात एक हिरवं तोंड जमा धरलं.

खेळ सुरू व्हायला दोन मिनिटं असताना विजयसिंह दादा आले. आण्णांच्याच गावचे, साखर कारखान्याचे संचालक. आण्णा आणि दादा गेली वीस वर्षं एका मांडवात जेवलेले नाहीत. एकानं ट्रॅक्टर लाल घेतला तर दुसरा निळा घेणार, एकानं मुलीचं लग्न दुपारी लावलं तर दुसरा संध्याकाळी लावणार. दादांनी तिकीट आधी काढलं नव्हतं. "मी आलोय म्हनून सांगा," एवढ्यावर त्यांची सगळी कामं होतात. इथं झालं नाही. भरलेल्या थिएटरात शिल्लक होत्या त्या फक्त पहिल्या रांगेतल्या नऊ खुर्च्या, पडद्याच्या अगदी पायाशी. दादा आणि त्यांचे आठ कार्यकर्ते तिथं जाऊन बसले. कडक इस्त्रीचे नऊ पांढरे पाठमोरे शर्ट पडद्याच्या उजेडात असे चमकले की आण्णांना मागून स्पष्ट दिसले.

आण्णा सोफ्यात ताठ झाले. बटण मात्र दाबलेलं होतं, त्यामुळे वरचं अंग ताठ आणि पाय आडवे अशी अवस्था.

"ए पोरा!" त्यांनी रामेश्वरला बोलावलं. "त्यो विजयसिंह पुढच्या रांगंत, आन् मला मागं टाकलास? कावून बे?"

घोटाळा रामेश्वरच्या एका क्षणात लक्षात आला. आण्णांची सगळी हयात सभा-समारंभांत गेलेली. तिथं मानाचा सोफा पुढं असतो, आणि मागच्या खुर्चीवर बसतो तो भाषणं संपायच्या आधी जेवणाकडं पळणारा.

"आण्णा, हितं मागचीच जागा भारी असती," तो कानाशी लागून म्हणाला.

"मला शिकीवतो व्हय? उठ गं विमल, पुढं जायचंय."

"मी न्हाई उठायची," विमलबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "माझं पाय वर झाल्यात. तुमी जावा तुमच्या इजयसिंगाच्या मांडीवर बसा."

आजूबाजूचे हसले. आण्णांचा चेहरा लाल झाला, आणि रामेश्वरला तो थेट टॅबवरच्या तोंडासारखा दिसला. दाराआड टांगलेली काठी त्याच्या डोळ्यांपुढून गेली. आणि काठीनंच त्याला वाचवलं.

"आण्णा, मी धनगराचा हाय," तो म्हणाला. "कळप चालतो तवा धनी कुठं असतो?"

"मागं."

"आन् पुढं कोन असतं?"

आण्णांनी पुढच्या नऊ शर्टांकडं पाहिलं. विचार केला. मग त्यांचं पोट हलायला लागलं.

"बकरं!" ते म्हणाले. "गळ्यात घंटी बांधलेलं बकरं! विमल, आईकलं का? आगं, बकरं!" त्यांनी बटण दाबून पाय आणखी वर घेतले आणि सगळा कळप आपलाच असल्यासारखे ऐसपैस पसरले.

रामेश्वर अंधारात भिंतीला टेकला. पण त्याला एक गोष्ट कळायला हवी होती. आण्णांच्या पोटात जेवण राहतं, गोष्ट राहत नाही. मध्यंतरात समोशाच्या रांगेत त्यांनी ती पाच जणांना सांगितली, आणि पाचवा दादांचा माणूस होता.

दादांनी रामेश्वरला पहिल्या रांगेत बोलावून घेतलं. तासभर मान वर करून बसल्यामुळे त्यांना घोडे असे दिसले नव्हतेच. पोटं दिसली होती, खूर दिसले होते, आणि एकदा तर भरधाव घोड्याच्या नाकपुडीत आपण सगळे शिरतोय असं वाटून एका कार्यकर्त्यानं डोळे झाकले होते. असा माणूस आधीच चिडलेला असतो.

"मला बकरं म्हनलास?" दादांनी हळू आवाजात विचारलं. त्यांचा हळू आवाज जास्त वाईट.

नाही म्हणून भागणार नव्हतं. साक्षीदार पाच होते, त्यातल्या दोघांच्या तोंडात अजून समोसा होता.

"म्हनलो, दादा," रामेश्वर म्हणाला. आठही कार्यकर्ते एकदम उभे राहिले. "पर पुरं आईका. मागचा धनी दिवसभर वरडतो. हिकडं चला, तिकडं चला. मेंढरं त्याचं आईकतेत व्हय? आमच्या आबाचं तर एक बी आईकत न्हाई. ती बघतेत फकस्त पुढच्याकडं. घंटी वाजली की सगळा तांडा त्याच्यामागं. पुढचं वळलं की धन्याला बी वळावं लागतं."

कार्यकर्ते दादांकडं पाहू लागले. दादा डावीकडं वळले, आठही माना डावीकडं वळल्या. हे दादांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांच्या मिशीचं एक टोक हललं. पण माणूस राजकारणातला, लगेच हसून मोकळा होणारा नाही.

"बघू," ते म्हणाले. "जाताना ते तोंडाचं बटन हाय ना तुमचं? तवा बघू."

उरलेला सिनेमा रामेश्वरनं टॅबकडं बघत काढला. पडद्यावर किल्ला पडला, आतली माणसं रडली, त्याला पत्ता नाही.

खेळ संपला. या वेळी त्यानं जीभ दातांत धरून ठेवली, टक्क् नाही की हुर्र नाही. बाहेरचं दार पहिल्या रांगेजवळ, म्हणजे दादांनीच आधी बाहेर पडायचं. पण दादा उठेचनात. तीन तास वर बघून त्यांची मान तिथंच अडकली होती. दोन कार्यकर्ते मान चोळत होते, तिसरा तेल कुठं मिळेल म्हणून विचारत होता. तेवढ्यात आण्णा आणि विमलबाई पायऱ्या उतरून बाहेर आले. आण्णांनी टॅबपाशी थांबून हिरवं तोंड दाबलं. विमलबाईंनी तेच चार वेळा दाबलं आणि विचारलं, "असला सोफा घरी बशिवता येतो का रं?" दोघं निघून गेले.

मग दादा आले. हनुवटी आभाळाकडं. चेहरा आधीच करारी, त्यात मानेमुळं साऱ्या बीड जिल्ह्यावर नाराज असल्यासारखे दिसत होते. पॉपकॉर्नच्या काउंटरमागून रोहिणी मॅडम बघत होत्या. टॅबवरचं बोट कुठं जाणार हे सगळ्या थिएटरचं एकच कुतूहल.

बोट हवेत थांबलं.

"सुंदररावानं काय दाबलं?" दादांनी छताकडं बघत विचारलं.

आता इथं रामेश्वर खरा मुरलेला धनगर निघाला. हिरवं म्हणावं तर दादा लाल दाबणार, कारण वीस वर्षांत दोघांचं एका रंगावर एकमत नाही. लाल म्हणावं तर ते खोटं, आणि मॅडम ऐकत होत्या. रामेश्वरनं खाली पाहिलं. एक लांबलचक उसासा सोडला, पावसात भिजलेली मेंढी सोडते तसा. मग म्हणाला, "जाऊ द्या, दादा. मतदान गुप्त असतंय."

"लाल दाबलं व्हय!" दादा गरजले. मान एकदम खटकन सरळ झाली. "गरिबाच्या पोटावर उठला! त्या सोफ्यावर लोळून!" आणि त्यांनी हिरवं तोंड असं दाबलं की टॅब मागं सरकला. "दाबा रं सगळे!"

आठही जणांनी रांगेत उभं राहून हिरवं दाबलं. शेवटच्यानं तर बोटाला शाई लागली का बघितलं.

ते गेल्यावर रोहिणी मॅडम आल्या. "तू त्यांना खोटं सांगितलंस?"

"मी काईच सांगितलं न्हाई, मॅडम. नुसता श्वास सोडला. थंड हवेचा तरास होतो."

मॅडम पाठमोऱ्या झाल्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

कायम केल्याचं पत्र आठवड्यानं आलं. रामेश्वरनं ते घरी आबांपुढं ठेवलं. आबांनी पत्र उलटंसुलटं करून पाहिलं, "कागूद गुळगुळीत हाय," एवढंच म्हणाले. पण पुढच्या बुधवारी ते स्वतः जीपनं बीडला आले, स्वच्छ धोतर नेसून, रामेश्वरची तीच तेल लावलेली काठी टेकत.

"आबा, काठी आत चालत न्हाई," रामेश्वर दारात म्हणाला. "नियम हाय."

"मंग स्वागताचं म्हन की ते. आमाला न्हाई का?"

रामेश्वरनं सगळ्यांसमोर, तोंड लाल करत, ते म्हटलं. "सिनेपर्वमध्ये आपलं मनःपूर्वक स्वागत आहे. आपला दिवस चित्रमय जावो."

"बरं," आबा म्हणाले आणि काठी त्याच्या हातात दिली.

सिनेमा त्यांनी कितपत पाहिला कोण जाणे. रामेश्वरला दिसत होतं की आबा मान वळवून रांगांवर नजर फिरवतायत. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "किती?"

"अठ्ठ्याण्णव."

"नव्व्याण्णव. पाचव्या रांगंत खुर्चीखाली एक पोरगं झोपलंय." आणि खरोखरच झोपलं होतं. त्याची आई तोवर हाका मारत परत आलीच.

मग आबा टॅबपाशी उभे राहिले. आधी रामेश्वरच्या फोटोकडं बराच वेळ बघितलं. तिन्ही तोंडं जवळ जाऊन न्याहाळली. बोट हिरव्यावर नेलं, मागं घेतलं, लालवर नेलं, तिथूनही मागं घेतलं. शेवटी पिवळं दाबलं आणि काठी मागितली.

"आबा! पिवळं? कावून?"

"हिरवं दाबलं तर तू डोक्यावर चढशीन," आबा काठी घेत म्हणाले. "आन् लाल दाबलं तर घरी येशीन."

मग ते जीपकडं निघाले, आणि वळून न बघता म्हणाले, "जा आत. त्यो पोरगा झोपला व्हता ती खुर्ची ध्यानात ठिव. उद्याला पयलं तिथं बघ."